ॲम्बेसेडरची पुढची स्टब ॲक्सल आणि डिस्क ब्रेक : ड्रॅगसाठी काय करावं?

रेगडवाला (आर्वी, जि. वर्धा)
मंडळी, नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज प्रश्न घेऊन आलोय.

गाडी ॲम्बेसेडर १८०० आयएसझेड. इसुझूचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. वडिलांनी सरकारी लिलावात घेतली होती. आता घरच्या कामाला दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही माझ्या ताब्यात आली. इंजिनचं काम होत आलंय. मोटरस्पोर्ट्स फेडरेशनची (एफएमएससीआय) मान्यता असलेल्या ड्रॅग स्पर्धेत, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीत, एअरस्ट्रिपवर, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर पळवायची आहे. फिनिशला ताशी १३० च्या आसपास जावी असा अंदाज आहे.

अडलंय पुढच्या टोकाला. चारही चाकांना ड्रम, ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. ऐंशीवरून जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. तीन रस्ते दिसतात. नंतरच्या काही ॲम्बेसेडरना पुढे डिस्क आली, तिचा स्टब ॲक्सलसकट (पुढचं चाक ज्या दांड्यावर बसतं तो) पूर्ण सेट भंगारातून आणायचा. किंवा आहे त्याच स्टबवर ब्रॅकेट बनवून दुसऱ्या गाडीची डिस्क-कॅलिपर बसवायची. तिसरा, एक ओळखीचा खरादवाला म्हणतो की ईएन-२४ पोलादात नवी, जाड स्टब काढून देतो. तुम्ही काय केलं असतं?

पाना_दहाबारा (परतवाडा)
भाऊ, डिस्कचं मंग पाहू. गाडी डावीकडं ओढते म्हणतो, तं पयले ते काहून ओढते ते पाय. उजव्या ड्रममंदी हबचं ग्रीस उतरलं असंन, नाही तं व्हील सिलिंडर जाम असंन. उजवीकडचा ब्रेक कमी लागला का गाडी डावीकडं जाणारच.

दुसरं. पुढचं चाक जॅकवर घे. एक हात वर, एक हात खाली, घड्याळाच्या बारा अन् सहावर, अन् चाक हालवून पाय. खेळ लागला तं कोणाले तरी आत बसवून ब्रेक दाबाले लाव अन् पुन्हा हालव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तं तो बेअरिंगचा होता. दाबूनही तसाच राह्यला तं किंगपिन (ज्याच्यावर चाक वळते तो खिळा) नाही तं खालचं ट्रनियन (त्याच्या बुडाचा जोड) गेलं. आपल्या इकडं काळ्या मातीतून फिरलेल्या गाड्याइले ग्रीस गन लागतच नाही, ट्रनियन कोरडं फिरून फिरून झिजते. त्याच्यावर कितीही महागाची डिस्क लाव, ब्रेक मारला का चाक आपल्या मनानं वळन.

सुमेधा_व (नागपूर)
पानाभाऊंनी सांगितलेलं आधी. ते झालं की मग हे आकडे बघ, म्हणजे ड्रम का बदलायचे ते कळेल.

गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तुझ्यासकट १२०० किलो धरले तर ताशी ८० ला जेमतेम ३०० किलोज्यूल, १३० ला जवळपास ७८०. ही सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक लागताच वजन पुढे येतं, म्हणून साधारण ७० टक्के काम पुढच्या दोन चाकांचं. प्रत्येकाच्या वाट्याला २७० किलोज्यूलच्या वर. ५ किलोची बिडाची डिस्क असेल तर एका थांबण्यात ती १२० अंशांनी तापते.

एका रनला हे चालून जातं. स्पर्धेच्या दिवशी रन पुन्हा पुन्हा होतात, धावपट्टीचं डांबर तापलेलं असतं आणि गाडी लाइनमध्ये उभी असते, चाकांना वारा लागत नाही. मागची उष्णता उतरायच्या आत पुढची येते. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, तो शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच येते. शिवाय तिला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. ड्रम सोडायचे ते या कारणासाठी. एका थंड थांबण्यात चांगले ड्रमसुद्धा चाक लॉक करतात.

अंतराचा हिशोबही कर. १३० वरून ०.८ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) गाडी थांबली तर ८३ मीटर लागतात. तापलेल्या ब्रेकने निम्मीच पकड दिली तर १६६. हे अंतर फिनिश लाइनच्या पुढचं आहे, आणि तिथे शेजारच्या लेनमधली गाडीही थांबत असते.

ब्रेक ऑइल आत्ताच बदल. डीओटी ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डीओटी ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी दोन पावसाळे उघड्या शेडमध्ये उभी असेल तर त्यात काय असेल याचा अंदाज तुलाच येईल.

जिनिंग_खरादी (हिंगणघाट)
मी स्वतः खरादवाला आहे. जिनिंगचे शाफ्ट, रोलर, बेअरिंग हाउसिंग हे माझं रोजचं काम. म्हणून तिसऱ्या रस्त्याबद्दल मी स्पष्ट सांगतो. बारमधून खरादलेली स्टब ॲक्सल लावू नका.

ईएन-२४ हलकं पोलाद नाही, उत्तम आहे. अडचण घडणीची आहे. कंपनीची स्टब फोर्ज केलेली असते. तापलेलं पोलाद डायमध्ये ठोकलं की त्याचे आतले तंतू आकाराबरोबर वळतात. गोल बार खरादला की ते सरळच राहतात आणि जिथे शाफ्ट जाड भागाला मिळतो त्या कोपऱ्यात कापले जातात. सगळा ताण नेमका त्याच कोपऱ्यात असतो. त्यात हार्डनिंग-टेम्परिंग कोण करणार, केल्यावर कडकपणा कोण तपासणार? शाफ्ट तुटला तर जिन बंद पडते, दुसऱ्या दिवशी चालू होते. स्टब १३० ला तुटली तर चाक गाडी सोडून जातं.

भंगारातून आणलेली असली तरी कंपनीची स्टब घ्या, पण ती तपासून. डिझेलने धुवा, वायर ब्रशने नाही, कापडाने पुसा. मग डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात ते मारा. लाल रंग फवारायचा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचा, क्लीनर लावलेल्या कापडाने पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. जिथे चीर असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते, केसाएवढी. आतल्या बेअरिंगच्या बैठकीमागचा गोलावा नीट बघा, चीर बहुधा तिथूनच सुरू होते. रेघ दिसली तर स्टब भंगारात. वेल्डिंग नाही, घासून काढणं नाही. आणि त्या गोलाव्याला कुणालाही टूल लावू देऊ नका. तो गोलावा धारदार केला की चीर तुम्हीच सुरू केली.

बेअरिंगच्या बैठकीवर निळसर डाग असेल तर ती स्टब कधीतरी बेअरिंग जाम होऊन तापलेली आहे. तीही सोडा.

वर्धेकर_ओहायो
आर्वीचं नाव वाचून थांबलो, माझं आजोळ तिकडचं. इथे गेली काही वर्षं मी स्थानिक ड्रॅग स्ट्रिपवर मित्राच्या गाडीच्या क्रूमध्ये काम करतो, त्यामुळे इकडचं थोडं सांगतो.

अमेरिकेत जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढचे स्पिंडल (आपली स्टब ॲक्सल) बदलणं अगदी नेहमीचं आहे. पण प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो. काही जण ड्रमचे स्पिंडल काढून त्याच कंपनीच्या पुढच्या वर्षांतल्या डिस्कवाल्या मॉडेलचे घालतात. काही जण ड्रॉप स्पिंडल लावतात. त्यात चाकाची पिन साधारण दोन इंच वर असते, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता गाडी तेवढी खाली बसते. तिसरे लोक निव्वळ वजनासाठी बदलतात. विलवूडसारख्या कंपन्या फक्त ड्रॅगसाठी हलके किट बनवतात. त्यातली डिस्क जेमतेम ९ मिमी जाड, सलग, भोकं पाडलेली. पुढचं नाक हलकं झालं की वजन मागच्या चाकांवर लवकर जातं, आणि फिरणारं वजन कमी केलं की इंजिनला तेवढंच कमी ओढावं लागतं.

रेगडवाला, त्या हलक्या किटचे फोटो बघून मोह होईल. ती डिस्क एका रनमध्ये एकदा थांबण्यासाठी असते, मग लांब विश्रांती. अशा गाड्यांना बऱ्याचदा मागेही मोठ्या डिस्क असतात. तुझ्या गाडीला मागे ड्रमच राहणार, म्हणजे सगळी भिस्त पुढच्या डिस्कवर. तू जाडच घे.

थांबण्याची जागा हा विषय इथे किती गंभीर आहे त्याचं एकच उदाहरण देतो. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिट्टा हा फनी कारचा चालक गेला. इंजिन फुटलं, पॅराशूटने काम दिलं नाही आणि गाडी ट्रॅकच्या टोकाच्या वाळूतूनही पुढे गेली. त्यानंतर तिथल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने, एनएचआरएने, टॉप फ्युएल आणि फनी कार या वर्गांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं, म्हणजे ३०५ मीटर. कशासाठी, तर थांबायला जागा वाढावी म्हणून. ताशी १५० मैलांच्या, म्हणजे सुमारे २४१ किमीच्या वर जाणाऱ्या गाडीला तिथे पॅराशूट सक्तीचं आहे. तू त्या वेगाच्या जवळपास नाहीस, म्हणजे तुझ्याकडे थांबायला फक्त ब्रेक आहेत.

गावठी_टर्बो
मस्त धागा. एक विचारू का? स्पर्धेला जायच्या आधी टेस्ट कुठे करायची? समृद्धी इथून जवळ आहे, रात्री रिकामाच असतो.

पाना_दहाबारा
नाही रे बाप्पा. हे डोक्यातून काढून टाक.

समृद्धीवर १२० ची मर्यादा हाये, अन् रात्री जो ट्रकवाला झोपीत चालवत राह्यते त्याले तुही रेस माहीत नाही. कुंपण तुटलेलं असलं तं रोही आडवी येते, रानडुकरं येतात. गावच्या रस्त्याचं तं बोलूच नको, बिनालाइटचा ट्रॅक्टर, कापसाची बैलबंडी, सायकलवर शाळेतली पोरं. माह्या गॅरेजले अशा "टेस्ट" झालेल्या गाड्या टोचन करून आल्या हायेत. त्याइच्या सीटा मी धुतल्या. कोणाले सांगत नाही मी ते.

सुमेधा_व
पूर्ण सहमत. ब्रेकचं बरंच काम उभ्या गाडीवर तपासता येतं. पेडल दाबून मिनिटभर धरलं तर ते खाली सरकतंय का, जोडांना पाझर आहे का, सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतंय का. बाकीचं स्पर्धेच्या सरावाच्या रनमध्ये. पहिला रन अर्ध्या जोराने करून थांबण्याचा अंदाज घ्यायचा.

रेगडवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. रस्त्यावर पळवणार नाही, घरी तसा शब्द दिलेला आहे.

पानादादा, सांगितलं तसं पाहिलं. डावीकडे बेअरिंगचा खेळ होता, ब्रेक दाबल्यावर गेला. उजवीकडचा मात्र ब्रेक दाबूनही तसाच. ट्रनियन उघडलं तर आत ग्रीसऐवजी सुकलेल्या मातीचा थर, नखाने खरवडावा लागला. त्याच बाजूचा व्हील सिलिंडरही अर्धा जाम. डावीकडे का ओढत होती ते कळलं.

नागपूरला वाडीत एकाकडे डिस्कवाल्या ॲम्बेसेडरचा पुढचा पूर्ण सेट आहे. स्टब, हब, डिस्क, कॅलिपर, स्टिअरिंग आर्मसकट. खरादीकाकांचं वाचून ईएन-२४ चा विचार सोडला. आता मास्टर सिलिंडर जुनाच ठेवावा की बदलावा? आणि बूस्टर हवाच का? तेवढंच वजन वाचलं असतं.

पाना_दहाबारा
मास्टर सिलिंडर ड्रमवाला ठेवू नको. जुन्या ड्रमच्या मास्टरमंदी तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह राह्यते, तो लायनीत थोडं प्रेशर धरून ठेवते, साधारण १० पीएसआय. ड्रमले ते पायजे, शूच्या स्प्रिंगा जोरदार असतात. डिस्कले तेवढं प्रेशर राह्यलं का पॅड डिस्कले घासतच राह्यते. तू एकीकडं इंजिनमधून दोन-चार घोडे काढाले मरमर मरतो, अन् दुसरीकडं पॅड ते खाऊन टाकते. वरून डिस्क स्टार्टिंग लाइनवरच तापलेली. सेटसंगच डिस्कवाल्या गाडीचा मास्टर अन् बूस्टर मागून घेजो.

सुमेधा_व
बूस्टर हवाच. ड्रममधला पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट होतो, म्हणून बूस्टरशिवाय चालतं. डिस्कमध्ये ती आपोआपची मदत नाही. त्यात कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून मास्टरचा बोअर वाढवावा लागतो. पाऊण इंचावरून सात-अष्टमांश इंच केला तर पेडलचा प्रवास कमी होतो, पण त्याच दाबासाठी पायाला ३६ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. तो बूस्टरनेच भरून निघेल.

एक गोष्ट ड्रॅगवाल्यांनी लक्षात ठेवायची. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. फिनिशला ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम वर आणि थ्रॉटल बंद, तेव्हा व्हॅक्यूम भरपूर मिळतो. स्टेजिंगला, म्हणजे स्टार्ट लाइनवर उभं राहताना, याच्या उलट. कॅम बदलला असेल तर आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो, आणि लाइट लागायच्या आधी गाडी पुढे सरकून स्टार्टचा प्रकाशकिरण (बीम) तोडू शकते. त्यामुळे बूस्टरच्या पाइपमधला एकमार्गी व्हॉल्व्ह नवा घाल. आणि फिनिशनंतर गाडी पूर्ण थांबेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. बंद केलंस तर बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदाच पेडल हलकं लागेल.

वर्धेकर_ओहायो
स्टिअरिंग आर्म सेटबरोबर मिळतोय हे फार चांगलं झालं. स्पिंडल बदलणारे इथे याच जागी फसतात. सत्तरच्या दशकापासूनच्या मोठ्या जीएम गाड्यांचे उंच स्पिंडल जुन्या शेव्हेलसारख्या गाड्यांना लावायची इकडे लाट होती. डिस्क मोठी मिळायची, पण आर्मची उंची बदलल्याने सस्पेन्शन वर-खाली झालं की चाक आपोआप आत-बाहेर वळायचं. बंप स्टिअर.

ड्रॅगला हे जास्त जाचतं. लाँचला गाडीचं नाक वर उचललं जातं आणि फिनिशनंतर ब्रेक मारला की तेच नाक पूर्ण खाली दबतं. एकाच रनमध्ये सस्पेन्शन या टोकाचं त्या टोकाला जातं, आणि दुसरं टोक सर्वांत जास्त वेगात येतं.

घरीच मोजता येतं. टॉर्शन बारचा ताण उतरव, हबला गाडीच्या लांबीत एक सरळ पट्टी बांध, चाकाच्या बाजूला तिच्यासमोर जमिनीत पक्का फळा उभा कर. लोअर आर्म जॅकने १०-१० मिमी वर घे आणि दर वेळी पट्टीच्या पुढच्या नि मागच्या टोकापासून फळ्यापर्यंतचं अंतर लिही. दोन्हींतला फरक सगळीकडे सारखा राहिला तर उत्तम. बदलत गेला तर टाय रॉडची उंची चुकली आहे. जुने आणि नवे स्टब, दोन्हींचं मोजून तुलना कर.

वकीलसाहेब_यवतमाळ
थोडं कायद्याचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत स्पष्ट केलं आहे की नोंदणीकृत वाहनात कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. पुढचे ब्रेक त्याच कंपनीचे असले तरी इंजिनचं काम झालेली ही गाडी रस्त्याने नेऊ नका. ४०७ वर किंवा कार कॅरिअरवर चढवून न्या, पुढची चाकं पट्ट्याने बांधा, बंपरला दोर लावू नका.

गावठी_टर्बो
समृद्धीचं मी विचारलं होतं, ते सोडून दिलं. रेगडवालाभाऊ, कुठे उतरणार ते ठरलं का? आंबी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवरच्या द व्हॅली रन या ड्रॅग स्पर्धेचे व्हिडिओ बघतो नेहमी. मदतीला हात लागला तर मी येतो, चाकं काढायला-घालायला.

रेगडवाला
नक्की ये. आधी फेडरेशनचं लायसन्स आणि स्क्रुटिनी (गाडीची तपासणी), मग जागा.

वाडीचा सेट आणला. मास्टर आणि बूस्टरही मिळाले. उजवी स्टब धुतल्यावर आतल्या बेअरिंगच्या बैठकीवर खरादीकाका म्हणाले तसा निळसर पट्टा दिसतोय, बोटभर. डावी स्वच्छ आहे. पेनिट्रंट अजून मारलेलं नाही. उजवीला रेघ आली नाही तर चालेल का?

जिनिंग_खरादी
नाही. रेघ आली नाही तरी नाही. निळसर झालं म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलेलं आहे, आणि बेअरिंग तिथे फिरून बैठक झिजलेली असणार. मायक्रोमीटरने डाव्या बैठकीशी ताडून पाहा, बहुतेक फरक दिसेल. वाडीवाल्याला ती परत द्या, दुसरी उजवी मागा. नाही दिली तर अमरावतीत माझ्या ओळखीचा एक आहे, त्याचा नंबर खासगी निरोपात पाठवतो.

दुसरी मिळाली की दोन्ही घेऊन हिंगणघाटला या. पेनिट्रंट माझ्याकडे आहे. बेअरिंग नवी घ्या, आतली-बाहेरची दोन्ही, आणि ऑइल सील चांगल्या कंपनीची घ्या, आपल्याकडची धूळ सीलमधूनच आत जाते. टेपर रोलर असतील तर बसवताना हब फिरवत फिरवत नट कसायचा, रोलर बसले की ढिला करायचा, मग नुसत्या हाताने टेकवायचा आणि भोक जुळेल तिथे स्प्लिट पिन. जास्त कसला की बेअरिंग तापून पुन्हा तोच निळा पट्टा. जुन्या स्प्लिट पिना आणू नका, नव्या माझ्याकडे आहेत.

पाना_दहाबारा
अन् ट्रनियनचे बुश मी देतो भाऊ, परतवाड्याहून येणाऱ्या एसटीत पार्सल टाकतो. ग्रीस निपल साफ करून ठेव.